ओरेगॉनचा ६० तासांचा हेल्थकेअर इंटरप्रिटर कोर्स: स्पॅनिश येणाऱ्यांनी तो करावा का?

करावा. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये दुभाषी म्हणून काम करायला तो शिकवतो. मात्र पैसे भरण्याआधी संस्थेला एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी: या साठ तासांपैकी किती तास कोणीतरी माझं स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही लक्ष देऊन ऐकणार आहे, आणि चुकेल तिथे मला थांबवणार आहे? मी केलेल्या कोर्समध्ये जे जे उत्तम होतं ते सगळं अशा तासांत होतं. ते तास फार थोडे होते, हीच माझी मुख्य तक्रार.

मी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, सेलमला राहते. स्पॅनिश मोठेपणी शिकले, मग मेक्सिकोत नोकरी केली तेव्हा ती जिभेवर रुळली. ओरेगॉनला आल्यावर वुडबर्नच्या बाजूच्या एका दवाखान्यात फ्रंट डेस्कला लागले. बेरीच्या शेतांत, नर्सऱ्यांत, हॉप्सच्या मळ्यांत राबणारी कुटुंबं तिथे येतात आणि त्यातल्या पुष्कळांना इंग्रजी येत नाही. आतून कोणीतरी दार उघडायचं, ‘स्पॅनिश येणारं कोणी मोकळं आहे का?’ असं विचारायचं, आणि जे मोकळं असेल ते आत जायचं. कधी मी, कधी बिलिंगमधली मुलगी, कधी रुग्णाबरोबर आलेला शाळकरी मुलगा. त्या मुलाला आईच्या मासिक पाळीबद्दलचे प्रश्न विचारायला लावलेलं मी पाहिलं आहे. तो मान वर करत नव्हता आणि आई अर्ध्या प्रश्नांना नुसतं ‘नाही’ म्हणत होती. या कोर्सला नाव घालायचं ते तेव्हा ठरलं.

खरं तर कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी भाषेची सोय करावीच लागते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या टायटल सिक्समधून हे बंधन येतं, आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ ने आरोग्यसेवेत ते आणखी घट्ट केलं. त्याखालच्या नियमांनुसार दोन भाषा येणारा प्रत्येक जण ‘क्वालिफाइड’ दुभाषी ठरत नाही; लागणाऱ्या वैद्यकीय शब्दांसकट, अचूक आणि कोणाची बाजू न घेता त्याला अर्थ पोचवता आला पाहिजे. जिवावर बेतलेली वेळ सोडली तर लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरायला मनाई आहे. ओरेगॉनमध्ये राज्य आरोग्य खात्याची, म्हणजे ओरेगॉन हेल्थ ऑथॉरिटीची, दुभाष्यांची स्वतःची नोंदयादी आहे. तीत नाव यायला ६० तासांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भाषेवरच्या प्रभुत्वाचा पुरावा लागतो. २०२१ मध्ये इथे कायदा झाला की सरकारी योजनांतून पैसे घेणाऱ्यांनी या यादीतले दुभाषी वापरायचे. त्यामुळे अशा कोर्सना गर्दी आहे. मी केलेल्या कोर्सचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रत्येक बॅचला शिकवणारी व्यक्ती बदलते आणि सगळं तिच्यावरच अवलंबून असतं. फी ८५० डॉलर होती. वर्ग झूमवर, शनिवारी दिवसभर आणि आठवड्यात एक संध्याकाळ.

वर्गात बहुतेक जण ओरेगॉनमध्येच वाढलेले, घरी स्पॅनिश बोलणारे. सात-आठ वर्षांचे असल्यापासून आईवडिलांसाठी बँकेत, शाळेत, दवाखान्यात दुभाषीपणा केलेले. एक दातांच्या दवाखान्यात सहायक होती, एक जण गोदामात रात्रपाळी करून शनिवारी सकाळी थेट वर्गात बसायचा. व्हेनेझुएलातून आलेली एक डॉक्टर होती, जिला इथे डॉक्टरकी करता येत नाही. आणि माझ्यासारखे, पुस्तकातून स्पॅनिशकडे आलेले दोघे-तिघे. आम्हा सगळ्यांना ‘द्विभाषिक’ म्हणतात, पण आमच्या गरजा इतक्या वेगळ्या होत्या की एकाच अभ्यासक्रमात त्या बसवणं सोपं नव्हतं. घरातून स्पॅनिश आलेल्यांचा वेग आणि जिव्हाळा पाहण्यासारखा, पण स्वादुपिंड किंवा पित्ताशय स्पॅनिशमध्ये म्हणायची वेळ आली की ते इंग्रजी शब्द तसाच ठेवून पुढे जात. आमचं उलट. -इटिस, -एक्टोमिया, -स्कोपिया हे ग्रीक प्रत्यय आम्हाला एका बैठकीत जमले, पण मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या खेड्यातली आजी आपल्या मधुमेहाला ‘साखर’ म्हणते, पोटाच्या तक्रारीला ‘एम्पाचो’ म्हणते, मूल घाबरल्यापासून आजारी आहे म्हणून ‘सुस्तो’ सांगते, तिथे आमचे कान कमी पडत.

पहिल्या दोन शनिवारी आचारसंहिता झाली. आरोग्यसेवेतल्या दुभाषीपणाच्या राष्ट्रीय परिषदेने, जिला सगळे ‘एनसीआयएचसी’ म्हणतात, २००४ मध्ये आचारसंहिता आणि २००५ मध्ये कामाची मानकं काढली. अमेरिकेतले बहुतेक कोर्स त्यांच्यावर उभे आहेत: गुप्तता, अचूकता, निःपक्षपातीपणा, आपल्या भूमिकेची हद्द. वाचायला कोरडं आहे. पण आमची शिक्षिका स्वतः प्रमाणित दुभाषी आहे, कित्येक वर्षं प्रसूती विभागात काम केलेली, आणि तिने प्रत्येक कलमाला खोलीतला एक प्रसंग जोडून दिला. रुग्णाबरोबर खोलीत एकटं का थांबायचं नाही, हे मला तिच्यामुळे पटलं. डॉक्टर बाहेर गेले की रुग्ण तुमच्याशी बोलू लागतो, कारण त्या इमारतीत त्याची भाषा बोलणारे तुम्हीच असता. ‘हे डॉक्टरांना सांगू नका’ म्हणून तो जे सांगतो, ते कळायला हवं असतं नेमकं डॉक्टरांना. म्हणून डॉक्टर निघाले की आपणही दाराबाहेर उभं राहायचं. हे कठोर वाटतं. मी ते आता दररोज पाळते.

सुरुवातीचं निवेदन तिने प्रत्येकाकडून घोटून घेतलं. खोलीत शिरल्यावर अर्ध्या मिनिटात, दोन्ही भाषांत: मी कोण, इथे बोललेलं सगळं दुसऱ्या भाषेत सांगितलं जाईल, काही बाहेर जाणार नाही, तुम्ही एकमेकांशी थेट बोला, मी हात वर केला की थांबा. उभं राहायचं ते रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे बघतील. बोलायचं प्रथमपुरुषात. रुग्ण ‘माझं पोट दुखतंय’ म्हणाली तर ‘त्या म्हणतात की त्यांचं पोट दुखतंय’ असं सांगायचं नाही, ‘माझं पोट दुखतंय’ असंच. स्वतःला काही विचारायचं असेल तेव्हा मात्र ‘दुभाषीला हा शब्द स्पष्ट करून हवा आहे’ असं तृतीयपुरुषात बोलायचं आणि ते दोन्ही बाजूंना सांगायचं, म्हणजे आपल्यामागे काही बोलणं चाललंय असं कोणाला वाटत नाही. ऐकायला सोपं, पण लहानपणापासून आईसाठी बोलत आलेल्यांना ही सवय बदलताना फार जड गेलं. आईसाठी बोलणारं मूल आईला सांभाळून घेतं. वाईट भाग गाळतं, डॉक्टरांचं तुटक बोलणं मऊ करतं, आईच्या वतीने स्वतःच उत्तर देतं. ते सगळं प्रेमापोटी केलेलं असतं, आणि या कामात त्यातलं काहीच चालत नाही.

आता भूमिका घेऊन केलेला सराव. तिघांचा गट, एक डॉक्टर, एक रुग्ण, एक दुभाषी, आणि स्पॅनिशसाठी वेगळी नेमलेली एक प्रशिक्षिका. तिचा कान इतका तयार की वाक्यातली एक अट गळली तरी तिला कळायचं. एका सरावात डॉक्टर म्हणतात: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा जेवणाबरोबर, उद्याच्या सीटी स्कॅनला शिरेतून औषध सोडणार आहेत म्हणून त्या दिवसापासून गोळी बंद, ४८ तासांनी किडनीचा रिपोर्ट बघून, आम्ही सांगू तेव्हाच परत सुरू करा. दातांच्या दवाखान्यातल्या मुलीने हे सफाईदारपणे सांगितलं, आवाज शांत, शब्द बरोबर. प्रशिक्षिकेने रेकॉर्डिंग लावलं. ‘आम्ही सांगू तेव्हाच’ हे शब्दच त्यात नव्हते. रुग्णाने ४८ तास मोजून स्वतःच गोळी सुरू केली असती. दुसऱ्या सरावात रुग्णाला विचारलं, छातीत दुखतं का? रुग्ण जावयाच्या गाडी चालवण्यापासून सुरू करते, बाजार, पिशव्या, जिना, आणि त्या सगळ्याच्या मधोमध जिना चढताना छातीवर दडपण येतं हे एका दमात बोलून जाते. रात्रपाळीवाल्याने इंग्रजीत सांगितलं: ‘हो, कधीकधी.’ प्रशिक्षिकेने शांतपणे विचारलं, जिना कुठे गेला? सगळा वर्ग गप्प झाला. काय महत्त्वाचं आणि काय फापटपसारा हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, हे त्या एका प्रश्नाने जेवढं शिकवलं तेवढं दोन शनिवारच्या स्लाइड्सनी शिकवलं नव्हतं.

टिपणं घ्यायची पद्धतही तिथेच बसली. आकडे, औषधांची नावं, तारखा लगेच कागदावर. बाकी अर्थ डोक्यात. पानावर वाक्यं लिहायची नाहीत, वरून खाली तिरपे तुकडे, बाणाच्या खुणा, आणि भेट संपली की कागद तिथेच नष्ट करायचा. व्हेनेझुएलाच्या डॉक्टरीणबाईंची अडचण निराळी. त्यांना सगळं कळायचं, आणि कळायचं म्हणून त्या रुग्णाला डॉक्टरांनी न सांगितलेलंही सांगायच्या. प्रशिक्षिकेने त्यांना जपून, पण दर वेळी, थांबवलं. शेवटच्या आठवड्यांत त्यांच्याइतकं नेमकं काम वर्गात कोणाचंच नव्हतं.

एका शनिवारी वाईट बातमीचा सराव झाला. बाळाच्या हृदयाचे ठोके लागत नाहीत, हे सोनोग्राफीच्या खोलीत सांगायचं. प्रथमपुरुषात असल्याने ‘मला तुम्हाला हे सांगताना वाईट वाटतंय’ हे तुमच्या तोंडून जातं, आणि आई बघते तुमच्याकडे. वर्गातल्या दोघींना ते पुरं करता आलं नाही. शिक्षिकेने सराव तिथेच थांबवला आणि पुढचा तासभर नंतर काय करायचं यावर दिला: कोणाशी बोलायचं, गुप्तता न मोडता कसं बोलायचं, पुढचं काम कधी नाकारायचं. अभ्यासक्रमात या भागाला पंधरा मिनिटं होती. तिने तो तास दिला याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आता उणिवा. ६० तासांत असा ऐकून दुरुस्त करणारा सराव एकपंचमांशही नव्हता. बाकी व्याख्यानं, स्लाइड्स, आणि शरीराच्या एकेका संस्थेवरच्या शब्दांच्या याद्या. याद्या घरी पाठ करता येतात. त्यासाठी शनिवार कशाला खर्ची घालायचा? आणि ज्या गोष्टीचा मला खरा राग आहे ती म्हणजे शेवटची परीक्षा. बहुपर्यायी, सगळी इंग्रजीत. प्रमाणपत्र देताना एकाही विद्यार्थ्याला स्पॅनिशमध्ये एक वाक्य बोलायला लावलं नाही. भाषेची परीक्षा आपण बाहेर वेगळी दिलेली असते हे खरं, पण ती भाषेची असते, दुभाषीपणाची नव्हे. एखादा माणूस एकदाही पूर्ण भेट न निभावता हे प्रमाणपत्र भिंतीवर लावू शकतो, आणि त्याच्यासमोर बसणाऱ्या रुग्णाला ते कळायचा काही मार्ग नाही.

हा राग केवळ वैयक्तिक नाही. बालरोगतज्ज्ञ ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या मुलांच्या आपत्कालीन विभागांत स्पॅनिशभाषक कुटुंबांच्या ५७ भेटी रेकॉर्ड करून तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. एकूण १,८८४ चुका सापडल्या. रुग्णाच्या तब्येतीवर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचं प्रमाण व्यावसायिक दुभाष्यांत १२ टक्के, हाताशी सापडलेल्या माणसांकडून करून घेतलेल्या कामात २२ टक्के, आणि दुभाषीच नसताना २० टक्के. म्हणजे आमच्या दवाखान्यासारखं, जो मोकळा असेल त्याला आत बोलावणं आणि कोणीच नसणं, यांत जवळजवळ फरक नव्हता. त्याहून मोलाचा भाग पुढे आहे. व्यावसायिकांमध्ये अनुभवाच्या वर्षांनी फरक पडला नाही, प्रशिक्षणाच्या तासांनी पडला. १०० किंवा जास्त तास शिकलेल्यांच्या चुकांपैकी अशा गंभीर चुका २ टक्के होत्या. त्याहून कमी शिकलेल्यांच्या १२ टक्के. अभ्यास लहान आहे, दोनच रुग्णालयांचा. तरीही ‘मी लहानपणापासून हेच करतोय’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. राष्ट्रीय प्रमाणपत्रांची किमान अट ४० तासांची आहे, ओरेगॉनची ६०. ओरेगॉन पुढे आहे, शंभरापासून मात्र दूरच. आमच्या कोर्सच्या जाहिरातीत ‘साठ तासांत कामासाठी सज्ज’ असं लिहिलं होतं. ते काढून टाकावं असं मी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून दिलं आहे.

फोनवरून आणि व्हिडिओवरून करायच्या कामाला एकच संध्याकाळ मिळाली. आज कितीतरी भेटी स्क्रीनवर होतात. आवाज तुटतो, रुग्णाने बोट कुठे ठेवलं ते दिसत नाही, खोलीत आणखी कोण आहे ते कळत नाही. यावर जास्त हवं होतं. संमतीपत्रं बघून तोंडी भाषांतर करायचा भाग बरा होता. लांबलचक फॉर्म दुभाष्याच्या हातात देऊन नर्स निघून जाते, तेव्हा तिला थांबवून ‘तुम्ही समजावून सांगा, मी ते त्यांच्या भाषेत सांगते’ असं कसं म्हणायचं, याचा सराव झाला. मशीनच्या भाषांतराबद्दल प्रश्न आले तेव्हा शिक्षिकेने कलम १५५७ चे २०२४ चे नियम दाखवले: मजकूर महत्त्वाचा असेल तर मशीनने केलेलं भाषांतर पात्र माणसाने तपासलंच पाहिजे. तो विषय तेवढ्यावर आटोपला, ते ठीकच.

एक विषय मात्र असा उरकायला नको होता. इथे ‘स्पॅनिशभाषक’ म्हणून नोंदलेले अनेक रुग्ण घरी मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांची मिश्तेको भाषा बोलतात, किंवा ग्वाटेमालाच्या मामसारख्या माया भाषा. स्पॅनिश त्यांची दुसरी भाषा, कधी मोडकीतोडकी. ते मान हलवतात, ‘सी, सी’ म्हणतात, आणि सगळ्यांना वाटतं समजलं. अशा वेळी स्पॅनिश दुभाष्याचं पहिलं काम म्हणजे थांबून डॉक्टरांना सांगणं, की या रुग्णाला स्पॅनिश पुरेसं समजत नाही असं मला वाटतं. मग मामहून स्पॅनिश आणि स्पॅनिशहून इंग्रजी अशी दोन दुभाष्यांची साखळी लावावी लागते. हे आम्हाला एका स्लाइडवर दाखवलं. सराव शून्य. आमच्या भागात, म्हणजे मॅरियन काउंटीत, काम करणाऱ्यांना हे दर आठवड्याला लागतं.

पैशांचं थोडक्यात: फी वसूल होते, पण वाट बघावी लागते. स्वतंत्र काम करणाऱ्याला तासावर पैसे मिळतात, रद्द झालेल्या भेटींचे आणि प्रवासाचे मिळतील असं नाही. दवाखान्यात आधीच नोकरी असेल तर आधी मालकाला फी भरायला सांगा. माझी अर्धी भरली.

पुढची पायरी राष्ट्रीय प्रमाणपत्र. ते देणाऱ्या दोन संस्था आहेत, सीसीएचआय आणि नॅशनल बोर्ड. सीसीएचआयची तोंडी परीक्षा स्पॅनिश, अरबी आणि मँडरिनमध्ये होते. नॅशनल बोर्डाची स्पॅनिश, कँटनीज, मँडरिन, रशियन, कोरियन आणि व्हिएतनामीमध्ये. मला काही जणींनी विचारलं की हाच कोर्स मराठीसाठी करता येईल का. वर्गात बसता येईल, कारण व्याख्यानं इंग्रजीतच असतात. पण मराठीची तोंडी परीक्षा दोन्हीकडे नाही, सीसीएचआयची इंग्रजीतली ‘कोअर’ परीक्षा देता येते. आणि मराठी ऐकून चुका सांगणारी प्रशिक्षिका कोर्समध्ये मिळणार नाही. म्हणजे साठ तासांतला सर्वात मोलाचा भाग तुमच्या वाट्याला येणार नाही, हे धरून निर्णय घ्या.

शंभराचा आकडा डोक्यात ठेवून आम्ही वर्गातल्या पाच जणांनी रविवारी संध्याकाळी आपला आपण सराव सुरू केला आहे. प्रशिक्षिका महिन्यातून एकदा येते, आम्ही तिला वर्गणी काढून मानधन देतो. डॉक्टरीणबाई प्रसंग लिहितात, रात्रपाळीवाला रेकॉर्डिंग सांभाळतो, आणि नियम एकच: थांबवल्यावर सबब सांगायची नाही. सध्या हृदयरोग चालू आहे, पुढे प्रसूती. गटात सगळे मेक्सिको किंवा व्हेनेझुएलाच्या वळणाचं स्पॅनिश बोलतात, प्वेर्तो रिको किंवा डोमिनिकन रिपब्लिकचं बोलणारं कोणी नाही, आणि त्या वेगवान, शेवटचे ‘स’ गिळणाऱ्या बोलण्याचा सराव आम्हाला हवा आहे. असं कोणी सेलमच्या आसपास असेल आणि हा कोर्स करून बसलं असेल, तर एक जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.